बोलता येईल इतक्याच वेगानं

धावायला नव्यानं सुरुवात करणाऱ्याला सगळे एकच नियम सांगतात. शेजाऱ्याशी बोलता येईल इतक्याच वेगानं धावायचं. वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झाला, गाणं म्हणता यायला लागलं की फारच कमी झाला. छातीला पट्टा नको, मनगटाला यंत्र नको, नुसतं बोलत राहायचं. धावणं शिकवणाऱ्या मंडळींचा या 'टॉक टेस्ट'वर फार विश्वास असतो.

ही परीक्षा ज्यानं कुणी काढली, त्याच्या डोळ्यांपुढे सदाशिव पेठ नक्कीच नव्हती. जन्म पुण्यात, शिक्षण पुण्यात, नोकरी पुण्यात आणि भांडणंही पुण्यातच, अशा माणसाला बोलण्यासाठी वेग कमी करावा लागेल ही कल्पनाच मला अपमानाची वाटली. आमच्या घरात बोलणं थांबतं ते फक्त चूळ भरताना. तेव्हा परीक्षा बोलण्याचीच असेल तर तेवढ्यात आपण पास, धावण्याचं पुढचं पुढं बघू, असा सरळ हिशेब करून मी एका गटात नाव दिलं.

नाव देण्यामागं साखर होती. रिपोर्टमध्ये आकडा लिहिलेला असतो, पण त्याचा अर्थ डॉक्टर भुवईनं सांगतात. त्यांची डावी भुवई वर गेली आणि बायकोनं त्याच संध्याकाळी बूट आणायला लावले. "एकटा धावणार म्हणालास तर दोन दिवस धावशील," ती म्हणाली. "गटात जा. चार लोकांच्या लाजेखातर तरी पाय उचलशील." माझ्या स्वभावाचा तिचा अभ्यास जुना आहे, त्यामुळे वाद घातला नाही.

गट म्हणजे आधी व्हॉट्सअ‍ॅपचा गट. शनिवारी सकाळी त्यावर जाहीर झालं : उद्या पहाटे साडेपाच, डेक्कन जिमखाना, पाच किलोमीटर, सोपी फेरी, नवोदितांचं स्वागत, नंतर नाश्ता. पहिल्या पाच बाबींवर कुणी एक अक्षर बोललं नाही. सहाव्या बाबीवर रात्री साडेदहापर्यंत चर्चा चालली. इडली की मिसळ हा प्रश्न होता. मिसळवाल्यांचं म्हणणं, पाच किलोमीटर धावल्यावर माणसाचा तेवढा हक्क बनतो. इडलीवाल्यांचं म्हणणं, मग धावायचंच कशाला. मधेच कुणीतरी केळ्यांचा प्रस्ताव ठेवला, त्याला कुणी उत्तरसुद्धा दिलं नाही. मला एकदम आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं.

पहाटे साडेपाचचं डेक्कन ज्यांनी पाहिलेलं नाही, त्यांनी धावायला नाही तरी बघायला म्हणून यावं. पदपथावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडून मुलं बसलेली असतात आणि मोठ्या सफाईनं पुरवण्या आत सारत असतात. गुडलक कॅफेचं शटर खाली असतं. रात्रभर जागून नुकतेच घरी निघालेले कॉलेजकुमार एकीकडे, आणि रात्री नऊला झोपून उठून आलेले पन्नाशीचे लोक दुसरीकडे. दोघं एकमेकांकडे सारख्याच कीव आलेल्या नजरेनं पाहतात.

आमच्या बाजूला चाळीसेक माणसं होती आणि प्रत्येकाच्या अंगात कुठल्या ना कुठल्या शर्यतीचा टी-शर्ट होता. धावणाऱ्या माणसाशी ओळख पुढून करून घेऊ नये, पाठीमागून करून घ्यावी. पाठीवर सगळा इतिहास छापलेला असतो. कोणती शर्यत, कोणतं साल, कोणती सहकारी बँक, कोणतं सिमेंट. एका गृहस्थांच्या पाठीवर गुडघे बदलून देणाऱ्या रुग्णालयाची जाहिरात होती आणि ते अगदी निर्धास्तपणे उड्या मारत होते. इतकी दूरदृष्टी मी वैद्यकीय क्षेत्रात क्वचितच पाहिली आहे. माझा टी-शर्ट आमच्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवाचा होता. पाठीवर कार्यकारिणीची नावं होती.

"कॉटन आहे का हो?" एका बाईंनी काळजीनं विचारलं. "भिजेल तो."

"धुतो आम्ही," मी म्हटलं.

त्यावर त्या समजुतीनं हसल्या आणि शेजारणीला सांगायला लागल्या, की आपण काल एलएसडी केलं, म्हणून आज जरा जपून. शेजारीण म्हणाली, मी तर दर शनिवारी करते, ह्यांनाही लावलंय. हे म्हणजे लाँग स्लो डिस्टन्स, लांबचं आणि सावकाश धावणं, हा खुलासा मला व्हायला तीन-चार मिनिटं लागली. तोवर माझ्या डोळ्यांपुढून कोथरूडची अनेक सुसंस्कृत कुटुंबं सरकून गेली.

मग गटाचा म्होरक्या पुढं आला. पेशानं सीए. आवाज असा, की ज्यांची विवरणपत्रं राहिली असतील त्यांनी जागच्या जागी भरावीत. त्यानं हात-पाय झाडून घेतले, गुडघे छातीपर्यंत उचलायला लावले, टाचा मागं मारायला लावल्या. या प्रकाराला वॉर्मअप म्हणतात. मी तिथंच घामाघूम झालो. आता घरी जायला हरकत नव्हती, पण तेवढ्यात त्यानं गट पाडायला घेतले. "सहावाले इकडं. सात तिथं झाडाखाली. आठ माझ्या डावीकडं." माणसं पटापट आपापल्या आकड्याखाली उभी राहिली.

"सर, तुमचा किती?" त्यानं मला विचारलं.

बुटाचा आकडा विचारतोय समजून मी म्हटलं, "नऊ."

"उत्तम! प्रामाणिक उत्तर," तो म्हणाला. एक किलोमीटरला लागणारी मिनिटं हा तो आकडा होता. नऊच्या गटात मी एकटाच होतो. "काळजी करू नका, तुमच्यासोबत काका असतील. ते आमचे स्वीपर. सगळ्यांच्या शेवटी राहतात. आजवर त्यांनी रस्त्यात कुणाला सोडलेलं नाही."

काका सत्तरीच्या अलीकडचे असावेत. शिडशिडीत, पांढऱ्या मिशा, डोक्यावर ऊन-पावसानं रंग उडालेली कुठल्याशा मॅरेथॉनची टोपी, मनगटाला घड्याळाऐवजी रुमाल बांधलेला. "चला," ते म्हणाले. "गप्पा मारत जाऊ."

पहिले दोनशे मीटर मी जे धावलो, त्याला तोड नाही. वारा लागत होता, बूट नवे होते, गुडलक मागं पडलं, फर्ग्युसन रस्ता रिकामा होता. या रस्त्यावर आयुष्यात प्रथमच मी वाहतुकीपेक्षा वेगानं चाललो होतो. वाटेत झोपलेल्या एका कुत्र्यानं डोकं वर केलं. धावणाऱ्यांच्या मागं कुत्री लागतात असं मला बजावून सांगितलेलं होतं, म्हणून मी तयारीत होतो. त्यानं मला नीट न्याहाळलं, जांभई दिली आणि डोकं परत पंजांवर ठेवलं. त्याच्या लेखी मी धावत नव्हतो.

फर्ग्युसन कॉलेजचं फाटक दिसायला लागलं, तेव्हा काका सहज म्हणाले, "काय सुंदर कॉलेज आहे नाही? १८८० साली काढलं टिळकांनी."

आता हे ऐकून घेणं शक्य नव्हतं. "नाही काका," मी म्हटलं, "१८८० साली न्यू इंग्लिश स्कूल निघालं. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ ची. फर्ग्युसन त्याच्या पुढच्या..."

आणि श्वास संपला. 'वर्षी' हा शब्द तोंडात तयार होता, पण त्याला बाहेर ढकलायला आत काहीही शिल्लक नव्हतं. बोलता बोलता हवा संपणं हा अनुभव मला सर्वस्वी नवा होता. सभेत माझा माईक बंद केलेला आहे, बैठकीत वीज गेलेली आहे, पण आतून पुरवठा तुटल्याचा हा पहिलाच प्रसंग.

"१८८० च," काका शांतपणे म्हणाले. "मला चांगलं आठवतंय."

फर्ग्युसन रस्ता सपाट आहे असं दुचाकीवरून हिंडणाऱ्याला वाटतं. तो सपाट नाही. डेक्कनकडून कृषी महाविद्यालयाकडं जाताना त्याला चढ आहे, आणि महापालिकेनं त्याची कुठंही पाटी लावलेली नाही. ज्ञानेश्वर पादुका चौकाच्या अलीकडं माझ्या छातीत ढोल वाजायला लागला. काकांना तो ऐकू आला असावा. त्यांनी माझं वय विचारलं. मी बोटांनी सांगितलं.

"दोनशेवीसमधून वय वजा करायचं. त्यापुढं एक ठोका गेला की माणूस खलास. शास्त्र आहे. देवाघरचा आकडा तो."

हेही मला माहीत होतं, आणि हे चूक होतं. हा आकडा देवाघरून आलेला नाही, अमेरिकेतून आलेला आहे. १९७० च्या सुमारास तिथल्या दोन संशोधकांनी आधी झालेल्या काही पाहण्यांतले आकडे कागदावर मांडले, त्यातून एक ढोबळ रेघ ओढली, आणि व्यायामशाळांनी ती रेघ भिंतीवर लावली. एकाच वयाच्या दोन माणसांच्या कमाल ठोक्यांत दहा-वीसचा फरक सहज असू शकतो. हे सगळं मी एका वाक्यात सांगू शकलो असतो. मला ते वाक्य स्वच्छ दिसत होतं, त्यातला स्वल्पविरामसुद्धा दिसत होता. बाहेर पडलं ते "ढो..." एवढंच.

"ढोकळा? छे, नाश्त्याला इडली ठरलीय," काका म्हणाले. "तसं रोज दहा हजार पावलं चाललं तरी पुरतं म्हणा. जागतिक आरोग्य संघटनेनंच सांगितलंय ते."

सांगितलेलं नाही. दहा हजार हा आकडा जपानी आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर तिथं चालण्याची हौस आली आणि १९६५ मध्ये पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आलं. त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मापक' असं होतं. विक्रीसाठी घेतलेला गोल आकडा सबंध जगानं पथ्य म्हणून स्वीकारला. माझ्या ओळखीचे कितीतरी लोक रात्री साडेअकराला उरलेली पावलं भरून काढायला सोसायटीच्या जिन्यात वरखाली करतात, तेव्हा मी त्यांना ही हकिकत सांगतो. लोकांना ती आवडत नाही, पण मी सांगतो. त्या पहाटे मात्र मी गप्प राहिलो. पुण्यात, रस्त्यावर, चुकीची माहिती ऐकून, गप्प.

याच सुमाराला फोनवर बोलत चालणाऱ्या एक आजी आम्हाला मागं टाकून गेल्या. चालत. सुनेविषयी बोलत होत्या आणि कुठंही अडखळत नव्हत्या. त्यांची टॉक टेस्ट उत्तम झाली.

कृषी महाविद्यालयाच्या चौकातून उजवीकडं वळलं की उतार लागतो असं मला सांगितलं होतं. उतार लागला, पण तो पायांनाच लागला, छातीपर्यंत बातमी पोचली नाही. समोर हवामान खात्याची जुनी दगडी इमारत आणि तिचा मनोरा दिसायला लागला. मला धडकी भरली. धावण्यामुळं नव्हे. आता काका काय म्हणतील या विचारानं.

"याला शिमला ऑफिस का म्हणतात माहितीये?" ते म्हणालेच. "पूर्वी या चौकात फार थंडी पडायची."

माझ्या हयातीत मी शिमला ऑफिसची कथा निदान शंभर जणांना सांगितली असेल. परगावच्या पाहुण्यांना, रिक्षावाल्यांना, एकदा तर खुद्द हवामान खात्यातल्या एका अधिकाऱ्याला. खात्याचं मुख्यालय पूर्वी शिमल्याला होतं, ते १९२८ मध्ये पुण्याला आलं, आणि लोकांच्या तोंडी इमारतीला जुन्या गावाचंच नाव राहिलं. साधी, गोड, वीस सेकंदांची गोष्ट. मी तोंड उघडलं. दोन्ही हातांनी शिमल्याकडून पुण्याकडं येण्याची खूण केली.

"हो हो, वारा तिकडूनच यायचा," काका म्हणाले.

संचेती रुग्णालयाजवळ मला चालावंसं वाटलं. नियमात चालायला मनाई नाही. अमेरिकेचे जेफ गॅलोवे स्वतः १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावले, आणि पुढं हजारो नवशिक्यांना त्यांनी थोडं धावा, थोडं चाला हेच शिकवलं. ऑलिंपिकचा माणूस चालायला सांगत असेल, तर रौप्यमहोत्सवी टी-शर्टवाल्यानं लाजायचं कारण नव्हतं. मी पाय आवरता घेणार, एवढ्यात काका म्हणाले, "आपल्या मुली बघा कशा धावतात. ती ललिता बाबर, नाशिकची. आणि कविता राऊत, साताऱ्याची."

उलट! सगळं उलट! कविता राऊत नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची. तिला सावरपाडा एक्सप्रेस म्हणतात ते काय उगीच? २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला ब्राँझ. ललिता बाबर साताऱ्याची, माण तालुक्यातल्या मोहीची. २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. माणदेशातल्या माणसानं हे ऐकलं असतं तर काकांना तिथंच बसवून घेतलं असतं. संतापानं मी चालायचं विसरलो. पूल कधी ओलांडला, कळलंसुद्धा नाही.

खरं तर त्या मुलींचं आणि आमचं धावणं एका शब्दात बसवूच नये. बीडला, सांगलीला, साताऱ्याला पहाटे हमरस्त्याच्या कडेनं पोरं धावताना दिसतात. पोलीस भरतीला मुलांना सोळाशे मीटर असतात, मुलींना आठशे. तिथं एकेक सेकंद गुणात मोजतात, आणि त्या गुणांवर घरचं पुढचं सगळं अवलंबून असतं. त्यांना कुणी टी-शर्ट देत नाही, कुणी टाळ्या वाजवत नाही. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेला आणि २०२२ च्या राष्ट्रकुलात स्टीपलचेसचं रौप्य घेऊन आला. आम्ही भुवई खाली आणायला धावतो. त्यात वाईट काही नाही, पण घड्याळात वेळ पाहून फार गंभीर चेहरा करू नये, इतकंच.

जंगली महाराज रस्त्याला लागलो. एव्हाना उजाडलं होतं. दुधाच्या गाड्या, पहिल्या पीएमपीच्या बसा, देवळाबाहेर फुलांच्या टोपल्या. काकांनी पायाखालच्या डांबराचं कौतुक सुरू केलं. "टिकला बघा रस्ता. इंग्रजांनी बांधलेला. आपल्याला जमलं असतं का?"

जमलं होतं! सत्तरच्या दशकात आपल्याच महापालिकेनं करून घेतलेला रस्ता आहे हा. कंत्राटदारानं दहा वर्षांची हमी दिली होती, आणि हमी संपल्यावरही रस्त्याला ते कित्येक वर्षं कळलंच नाही. पुण्यात हमी पाळल्याचं हे इतकं दुर्मीळ उदाहरण आहे, की त्याचं श्रेय इंग्रजांना जाताना पाहून माझा वेग वाढला. मी काकांच्या पुढं गेलो. वळून, त्यांच्याकडं तोंड करून, बोट उगारलं.

"पाणी?" त्यांनी विचारलं आणि बाटली पुढं केली.

पाताळेश्वराशी ते म्हणाले, की हे लेणं पांडवांनी एका रात्रीत कोरलं. मी पाणी पीत होतो, ठसका लागला. राष्ट्रकूटांच्या काळातलं, आठव्या शतकातलं लेणं ते. समोरचा गोल नंदीमंडप पाहायला लांबून लोक येतात. एका रात्रीत! पुण्यात एका रात्रीत फक्त रस्ता खोदला जातो. हाही विनोद मला धावता धावता सुचला आणि वाया गेला. बालगंधर्वपाशी त्यांनी रंगमंदिराचं साल दहा वर्षांनी मागं नेलं. १९६८, मी मनातल्या मनात ओरडलो.

संभाजी उद्यान ओलांडलं. आता डेक्कन दिसत होतं. आमचे वेगवान बांधव केव्हाच पोचले होते. त्यातले काही अजून दुभाजकाभोवती गोल गोल फिरत होते. मला वाटलं, माझ्यासाठी थांबलेत. मग कळलं, त्यांच्या घड्याळात चार पूर्णांक त्र्याण्णव भरले होते आणि पाच पुरे केल्याशिवाय त्यांना थांबता येत नव्हतं. जिन्यातली पावलंवाली माणसं आणि ही माणसं एकच, हे माझ्या लक्षात आलं.

आणि नेमकं तिथं, डेक्कन जिमखान्याच्या तोंडाशी, काकांनी शेवटचा घाव घातला. "हे मॅरेथॉनचं वेड आपल्याकडं आलं २००४ ला, मुंबईची सुरू झाली तेव्हा. त्याआधी मराठी माणसाला मॅरेथॉन म्हणजे काय ठाऊक होतं?"

काय ठाऊक होतं? पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची, हे एक झालं. पण ते सोडा. ज्या जिमखान्याच्या नावानं आम्ही उभे होतो, त्या जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत पहिल्या महायुद्धानंतर खेड्यापाड्यांतली पोरं अनवाणी धावली होती. सर दोराबजी टाटा जिमखान्याचे अध्यक्ष होते. त्या पोरांच्या वेळा पाहून ते थक्क झाले. यांना ऑलिंपिकला पाठवलं पाहिजे, असं त्यांनी मनावर घेतलं. १९२० ला अँटवर्पला जो पहिला भारतीय चमू गेला, त्याचं मूळ हे. बेळगावकडचा फडेप्पा चौगुले तिथं मॅरेथॉन धावला आणि एकोणिसावा आला. दोन तास पन्नास मिनिटं पंचेचाळीस सेकंद. त्यातही गंमत अशी, की मॅरेथॉनचं बेचाळीस किलोमीटर एकशे पंचाण्णव मीटर हे अंतर कायमचं ठरलं १९२१ साली. लंडनला १९०८ मध्ये विंडसरच्या राजवाड्यापासून मैदानातल्या राजेसाहेबांच्या सज्जापर्यंत जे मोजलं गेलं, तेच पुढं पक्कं केलं. अँटवर्पचं अंतर त्याहून साडेपाचशे मीटरनं जास्त होतं. चौगुले आजच्या मॅरेथॉनपेक्षा जास्तच धावला. आणि हे गृहस्थ त्याच जागेवर विचारतात, मराठी माणसाला काय ठाऊक होतं!

हे आत ठेवून पुढं धावणं मला शक्य नव्हतं. उरलासुरला सगळा श्वास मी गोळा केला. साल सोडलं, अंतर सोडलं, टाटा सोडले. एकच शब्द निवडला आणि तो बाहेर फेकला.

"चौ... गु... ले!"

काकांनी माझ्याकडं पाहिलं. "कोण चौगुले? बँकेतले?"

तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. शेवटून पहिला येणाऱ्यासाठी या गटात सगळ्यांत जास्त टाळ्या वाजतात. ही पद्धत मला पटली नव्हती, पण त्या दिवसापासून पटली. सीएनं मला मिठी मारली आणि लगेच सोडली. टी-शर्ट भिजला होता. मग फोटो. फोटोत सगळे ताजेतवाने, हात वर करून उभे आहेत, आणि कोपऱ्यात गुडघ्यांवर हात टेकलेली एक पाठ दिसते. पाठीवर आमच्या सोसायटीच्या खजिनदारांचं नाव स्पष्ट वाचता येतं.

नाश्त्याच्या टेबलावर सांबाराच्या दुसऱ्या वाटीनंतर माझा श्वास परत आला, आणि श्वासापाठोपाठ सगळी सालं परत आली. मी काकांना शोधायला लागलो. ते पलीकडच्या टेबलावर होते. त्यांच्यासमोर नागपूरहून नुकतीच बदली होऊन आलेली एक मुलगी बसली होती, आणि काका तिला सांगत होते, "...म्हणजे खात्याचं मुख्यालय आधी शिमल्याला. १९२८ ला ते इथं आलं, म्हणून शिमला ऑफिस."

माझ्या हातातला चमचा वाटीत पडला.

"तुम्हाला थंडीचं सांगितलं का?" कॉटनवाल्या बाईंनी विचारलं. त्या माझ्या शेजारीच होत्या. "मला पहिल्या दिवशी लाल महालाचं काहीतरी भयंकर सांगितलं होतं. आमच्यातल्या एका हृदयरोगतज्ज्ञांना तर काकांनी दोनशेवीस वजा वय एवढ्यावर शेवटपर्यंत आणलं. पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलाय त्यांनी. म्हणतात, नव्या माणसाला शाबासकी दिली की तो थांबतो, चुकीचं सांगितलं की पळतो."

मी काकांकडं पाहिलं. त्यांनी लांबूनच इडलीचा तुकडा उचलून मला अभिवादन केलं. "चौगुलेंचं बरोबर होतं तुमचं," ते ओरडले. "पण एकोणिसावा नाही, नववा!"

मी उठत होतो. पाय उठेनात.

पुढची फेरी कर्वे रस्त्यानं आहे. महर्षी कर्व्यांविषयी ते काय बोलणार, याची मला आत्ताच धास्ती वाटते. पण यावेळी मी तयारी करून जाणार आहे. दम वाढेल तेव्हा वाढेल, तोवर उत्तरं लहान करायची. रोज संध्याकाळी सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारत मी ती पाठ करतो. वॉचमनला वाटतं, मी स्तोत्र म्हणतोय. 'अठ्ठावीस साली शिमल्याहून' हे एका श्वासात जातं. दहा हजार पावलांना नुसतं 'जपानी' पुरतं. रस्त्याचं 'आपलाच, सत्तरचा' असं बसवलंय. अडलंय ते पाताळेश्वराचं. 'राष्ट्रकूट' हा शब्द नऊच्या वेगाला तोंडातून निघत नाही. 'ष्ट्र'वर दम अडकतो आणि 'कूट' पुढच्या खांबापाशी बाहेर पडतं. लेणं यादवांनी कोरलं असतं तर फार सोय झाली असती.